शुक्रवारची कात्रेल

आमच्या शुक्रवारच्या बाजारात "गाडी केवढ्याला देता?" असं विचारणारा माणूस एक तर फ्रान्सहून सुट्टीला आलेला असतो, नाहीतर डोक्याने जरा कमी असतो. किंमत विचारायची नसते. बॉनेटवर हात फिरवायचा आणि दुसरीकडेच बघत म्हणायचं, "काय आलंय हिला?" मग मालक सांगतो, अमक्याने एवढे देऊ केलेत. तुम्ही त्यावर चढवायचं. पटलं नाही तर मालक आभाळाकडे बघून म्हणतो, "अल्लाह यजीब." देव आणखी आणेल, म्हणजे तुम्ही चालू लागा. आणि पटलं तर म्हणतो, "अल्लाह यर्बह." देव बरकत देवो. हे शब्द चार माणसांत तोंडातून गेले की गाडी गेली. कागद मागाहून होतात. मालकाचा बाप कबरीतून उठून आला तरी मग सौदा फिरत नाही. आमच्या ह्या मोस्तगानेम गावात लग्नं मोडलेली मी पाहिलीत, बाजारातला शब्द मोडलेला पाहिला नाही.

मी बद्रा. नवऱ्यामुलींसाठी ब्लूझा शिवते. गळ्यापासून पावलापर्यंत मण्यांनी भरलेला तो झगा अंगावर आल्याशिवाय आमच्याकडे नवरी नवरी वाटत नाही. त्याची घडी घालता येत नाही, मणी निखळतात. आडवा निजवूनच न्यावा लागतो. इतकी वर्षं माझा भाऊ कादा त्याच्या कांद्याच्या व्हॅनमधून झगे पोचवायचा. कादा "आलोच" म्हणाला की उद्या समजायचं. गेल्या उन्हाळ्यात एका नवरीला झगा पोचला तेव्हा वऱ्हाडाची जेवणं उरकली होती, आणि झग्याला कांद्याचा वास येत होता. तिच्या आईने दारात उभं राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यानंतर गिऱ्हाईकं तुटायला लागली. पुढच्या लग्नसराईआधी स्वतःची गाडी घ्यायची, नाहीतर मशीन विकून घरी बसायचं, एवढाच मामला उरला होता.

गाडी शिकले. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी. परीक्षा घेणाऱ्या साहेबाने शेजारी बसून दोनदा जांभई दिली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही गाडी चालवत नाही, पाळणा हलवता." पास मात्र केलं.

बाजार गावाबाहेरच्या माळावर भरतो. वसंतात तिथे पहाटे समुद्राचं धुकं येऊन बसतं. गाड्या अर्ध्याच दिसतात, कुठे नुसतं छप्पर, कुठे नुसते दोन दिवे. माणसं दिसायच्या आधी त्यांचं बोलणं येतं. मला अशा वेळी वाटतं की आपण जागे झालोच नाही, अंथरुणातूनच कुणीतरी उचलून इथे आणून ठेवलंय. त्या दिवशी माळाच्या टोकाला, निलगिरीखाली, धुक्यातून एक फिकट पिवळी कात्रेल, ती जुनी फ्रेंच मोटार, हळूहळू दिसायला लागली. लहानशी, उंच, भाबड्या तोंडाची, गिअरचा दांडा समोरून छत्रीच्या मुठीसारखा बाहेर आलेला. आमच्या बापाच्या पिढीने हिच्यात शेळ्या नेल्या, बाळंतिणी नेल्या. आता फारशा उरल्या नाहीत.

सगळे लोक आधी बॉनेट उघडतात. मी मागचं दार वर केलं आणि टेप काढली. मागची सीट पाडली की ब्लूझा पाय ताणून निजेल, असा माझा हिशेब. पण सीटवर एक म्हातारी बसली होती. पांढरी शाल, मांडीवर पर्स, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू तिला कुठेतरी समारंभाला न्यायचं चाललंय.

"सीट पडते ना?" मी बाजूला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"सीट राहू दे," तो म्हणाला.

"काय आलंय हिला?"

"अल्लाह यजीब."

"अहो, मी अजून आकडासुद्धा बोलले नाही!"

"तरी पण, पोरी. अल्लाह यजीब."

कादा माझ्यामागे उभा राहून हसत होता. "सी मीलूद आहे तो. शेजारच्या स्तीदिया गावचा. ऑलिव्हच्या हंगामापासून दर शुक्रवारी येतो, दिवसभर उभा राहतो आणि गाडी घेऊन परत जातो. लोकांनी काय काय देऊ केलंय! वेडा आहे. तू ती निळी बघ, मी सांगतो."

कादाने आयुष्यात एकही गाडी धड विकत घेतलेली नाही, पण उंटावरून शेळ्या हाकायला त्याला पैसे पडत नाहीत. निळी मी पाहिली. तिच्या मागे दोन तान्ही मुलं मावली असती, झगा नसता मावला.

त्या आठवड्यात मला रोज एकच स्वप्न पडलं. कात्रेल समुद्राच्या कडेने चाललीय, स्टीअरिंगपाशी कुणी नाही, आणि मागे माझे सगळे झगे बसलेत, आत बायका नसलेले, खिडकीतून लाटा बघत. जाग आली की उशीवर निलगिरीचा वास आहे असं वाटायचं. गाडीच्या प्रेमात पडायचं वय नव्हतं माझं. पण पडले खरी.

पुढच्या शुक्रवारी मी लांबूनच नजर ठेवली. एक व्यापारी आला, त्याने असा आकडा लावला की मी मनातल्या मनात गाडीचा निरोप घेतला. सी मीलूदने वर पाहिलं, "अल्लाह यजीब." तेवढ्यात म्हातारीने खिडकीची काच सरकवून त्याची बाही ओढली, काहीतरी बोलली, आणि त्याने मान डोलावली. दुसरं गिऱ्हाईक आलं, पुन्हा तेच. माझ्या लक्षात आलं, म्हटलं हे असं आहे तर! खरा दलाल मागे बसलाय. म्हातारीलाच गाडी द्यायची नाही.

मग मी घरून आणलेल्या गरम मस्समेनच्या पोळ्या, मध लावलेल्या, फडक्यात घेऊन सरळ मागचं दार उघडलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

"खालती, घ्या. गारठा आहे." मावशीला आम्ही खालती म्हणतो.

तिने पोळी घेतली, मोडली, अर्धी मला दिली. मग माझ्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली, "तूही हिच्यासाठीच आलीस का?"

"हो, खालती."

"मग माझं ऐक. भाव वाढवू नकोस, तुझ्या आईची शपथ. आमचं मन बसलंय हिच्यावर. मीलूद बोलतोय मालकाशी."

"मालक कुठे आहे?"

तिने बोट दाखवलं. समोर कादा बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. "तो काय. तोंडावरूनच लबाड दिसतो," ती म्हणाली.

मी हसले, आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं. बाई विकायला आलीच नव्हती. ती विकत घ्यायला आली होती.

मी उतरले. माझ्या उतरण्यावरूनच सी मीलूदला कळलं की मला कळलं. तो निलगिरीला टेकला.

"डोळे गेलेत माझे," तो म्हणाला. "काचबिंदू. डॉक्टर म्हणाला, गाडी विका. म्हणून खरंच विकायला आलो होतो पहिल्यांदा. रहमूनाला घरी एकटं ठेवता येत नाही, तिला पोरं आठवत नाहीत, चूल आठवत नाही. आणली बरोबर. इथे आली, गर्दी बघितली, आणि तिला वाटलं, तोच दिवस आहे. आम्ही हीच गाडी ह्याच बाजारात घेतली होती, एका मास्तरकडून. तेव्हाही जुनीच होती. दिवसभर म्हणत राहिली, मीलूद, घे रे, घे रे. संध्याकाळी तिला सांगितलं, झाली आपली. घरी गेल्यावर तिने कॉफी केली. स्वतः. कितीतरी महिन्यांनी."

"म्हणून दर शुक्रवारी येता."

"एरवी मी तिला कोण वाटतो माहीत आहे? कधी भाऊ, कधी पाणी भरणारा. परवा म्हणाली, दादा, तुमची बायको वाट बघत असेल, आता जा घरी." त्याने नखाने निलगिरीची साल सोलली. "शुक्रवारी मी मीलूद असतो."

मी भांडखोर बाई आहे. समोरचा चुकला तर मला शब्दांची कमी पडत नाही, पण इथे चुकलं कुणाचंच नव्हतं.

"आज येताना गाढव समजून एका माणसाला हॉर्न दिला," तो म्हणाला. "आणि गेल्या वेळी गाढवाला सलाम केला. पोरी, घरापर्यंत गाडी तू ने. धुकं फार आहे."

मी स्टीअरिंगवर बसले. ती छत्रीची मूठ ओढली, ढकलली, आणि कात्रेल निघाली. मला एकच वेग येतो. मागून लोक हॉर्न वाजवत होते, पुढे जात होते, धुक्यात विरघळत होते. थोड्या वेळाने रस्त्यावर आम्हीच उरलो. उजव्या हाताला समुद्र होता, दिसत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता. इंजिन गुणगुणत होतं. आरशात पाहिलं तर रहमूना झोपली होती, पर्स छातीशी धरून.

"गाडीत ती कधी झोपत नाही," सी मीलूद कुजबुजला. "माझ्या चालवण्याने दचकते. वळू नकोस अजून. जाऊ दे सरळ."

त्याच्या घराचं वळण मागे गेलं. मग गाव मागे गेलं. किती गेलो कोण जाणे. मला वाटलं, हेच ते स्वप्न, फक्त स्टीअरिंगपाशी मी आहे. त्यानेही डोळे मिटले होते. मिटून काय, उघडून काय, पण त्या वेळी ते मिटलेले बरे दिसत होते.

परत आलो, मी त्याच्या अंगणात इंजिन बंद केलं, तेव्हा तो म्हणाला, "अल्लाह यर्बह."

"सी मीलूद, आकडा तरी..."

"तू सांगशील तो. सीट पाड, तुझे झगे ने. मला माणूस मारून मरायचं नाही."

"आणि शुक्रवार?"

"शुक्रवारचं माझं मी बघेन," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं.

आकडा मी सांगणार नाही, नजर लागते. व्यापाऱ्याने लावला होता त्याहून कमी दिला नाही, एवढंच सांगते. कागद झाले, गाडी माझ्या नावावर झाली. आठवडाभर मी सीट पाडून झगे पोचवले, वेळेवर, कांद्याच्या वासाशिवाय. ज्या आईने माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या, तिने धाकटीचा झगा सांगायला माणूस पाठवला. मी खूश असायला हवं होतं. पण मागचं दार उघडलं की म्हातारीची रिकामी जागाच आधी दिसायची.

गुरुवारी रात्री मी सीट वर केली. शुक्रवारी पहाटे स्तीदियाला जाऊन दोघांना गाडीत बसवलं. माझा बेत साधा होता, निलगिरीखाली थोडा वेळ थांबायचं, सी मीलूद म्हणेल "झाली आपली", आणि घरी. पण ह्या वेळी गाडीशेजारी मालक म्हणून मी उभी होते, म्हणजे बाईमाणूस. रहमूनाने दार उघडलं आणि खाली उतरली. बायकांचा सौदा ती नवऱ्यावर कशाला सोपवेल?

तिने बॉनेटवर हात फिरवला. दुसरीकडेच बघत विचारलं, "काय आलंय हिला, पोरी?"

आजूबाजूचे लोक थांबले. पुष्कळांना म्हातारी माहीत होती, मी गाडी घेतल्याचंही माहीत होतं.

"अजून काही नाही, खालती," मी म्हणाले.

तिने आकडा लावला. त्या मास्तरच्या काळातला आकडा. आज तेवढ्यात टायर येत नाही. आणि पर्स दोन्ही हातांनी धरून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आमच्याकडे आहे तेवढंच आहे," ती म्हणाली. "पण नीट ठेवू हिला."

सी मीलूद तिच्या मागून मान हलवत होता, नाही म्हण, अल्लाह यजीब म्हण. कादा पुढे घुसला. "बद्रा, तोंड उघडू नकोस! एवढी माणसं ऐकतायत! शब्द गेला की गाडी गेली, मग तुझ्या नवऱ्यामुलींना काय पाठीवर नेशील?"

पहिल्यांदाच कादा बरोबर बोलत होता. मला भीती वाटली, खरंच वाटली. मशीन डोळ्यांपुढे आलं, दारात उभ्या राहणाऱ्या आया आल्या. पण ती बाई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या आयुष्यात तेवढा एकच दिवस उरला होता.

"अल्लाह यर्बह," मी म्हणाले.

मग तो व्यापारी, ज्याला गाडी मिळाली नव्हती तोच, छातीवर हात ठेवून तिचं अभिनंदन करत म्हणाला, "मबरूक, खालती." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. धुक्यातून, न दिसणाऱ्या लोकांकडूनही, मबरूक मबरूक येत राहिलं. मी किल्ली सी मीलूदच्या हातात ठेवली. बाजाराच्या रीतीने गाडी आता त्याची होती, आणि तो "माझी" म्हणाला असता तर मोस्तगानेममध्ये एकही माणूस माझ्या बाजूने उभा राहिला नसता. मीही नसते राहिले.

त्याने किल्ली मुठीत धरली, बोटांनी चाचपली. मग माझा हात शोधून काढला आणि किल्ली परत त्यात ठेवली.

"धुकं आहे," तो म्हणाला. "घरापर्यंत तू चालव, पोरी."

"हो रे मीलूद, चालवू दे तिला," रहमूना मागच्या सीटवर बसत म्हणाली. "बिचारीची होती गाडी. शेवटचं एकदा चालवू दे."

आता शनिवार ते गुरुवार हिच्यात झगे जातात. दर शुक्रवारी मी ती शेवटचं एकदा चालवते.