अकरावं मिनिट

लाल हेडफोनच्या स्पंजावर एक पांढरा केस चिकटला होता. कापसानं पुसून निघेना म्हणून तिनं तो नखांत धरून ओढला, तर तो येतच राहिला, वीतभर, सावकाश... कालच्या शेवटच्या बाईंचा असेल. हेडफोन काढताना त्या म्हणाल्या होत्या, आत किती शांत वाटलं हो, इथंच बसू का थोडी? आणि ती घड्याळाकडे बघून नुसती हसली होती. लाल उजव्या कानाचा, निळा डाव्याचा. एकोणीस वर्षं ती आधी लाल पुसते, मग निळा, मग ती लहान खोली उघडते – कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात कोपऱ्यात कपाटासारखी उभी केलेली, जाड दाराची, एका माणसापुरती – आणि आतल्या खुर्चीवरून फडकं फिरवते. बाहेरचा आवाज आत जात नाही. मोबाइललासुद्धा आत रेंज नसते.

मोबाइल पर्समध्ये होता आणि त्यात कुलूपवाल्यांच्या पॉडकास्टचा नवा भाग होता. सकाळी सहालाच आलेला. घरून निघताना तिनं तो उतरवून घेतला होता, ऐकला मात्र नव्हता. दुपारी ऐकू, असं स्वतःला सांगितलं होतं. आत्ता साडेनऊ होत होते आणि ती तिसऱ्यांदा पर्स उघडून बघत होती, परीक्षेच्या सकाळी कंपासपेटी उघडून बघायची तशी. एका परक्या माणसाच्या कुलपांवरच्या बोलण्यासाठी त्रेपन्नाव्या वर्षी एवढी धाकधूक व्हावी, हे सांगायचं तरी कोणाला?

पहिले आजोबा आले, मागोमाग आजी.

"मला सगळं ऐकू येतं," आजोबा बसता बसता म्हणाले. "हिच्या समाधानासाठी आलोय."

"मग परवा पाऊण तास मी दार वाजवत होते, ते?"

"ते ऐकू आलं होतं. मला वाटलं, शेजाऱ्यांचं दार आहे."

"शेजारी घर सोडून गेले, त्याला चार वर्षं झाली!"

तिनं आजोबांना आत बसवलं, खोलीच्या लहान खिडकीच्या काचेकडे खांदा करून, म्हणजे आपली बोटं त्यांना दिसणार नाहीत. लाल उजवीकडे, निळा डावीकडे. "आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. कितीही बारीक असला तरी." हे वाक्य आता ती बोलत नाही, तोंड आपलं आपणच बोलतं. मग दार लावून बाहेर, यंत्रापाशी. आवाज द्यायचा, कमी करायचा, आणखी कमी, ऐकू येईनासा झाला की पुन्हा थोडा वाढवायचा. आणि मधेच, मुद्दाम, काहीच द्यायचं नाही. नुसतं थांबायचं. माणूस खरं सांगतोय की अंदाजानं, ते या थांबण्यात कळतं.

ती थांबली. काचेपलीकडे आजोबांचं बोट गुडघ्यावर थरथरलं आणि वर झालं.

पुन्हा थांबली. पुन्हा वर झालं, आणि या वेळी चेहऱ्यावर किंचित हसू.

एरवी ती दार उघडून जरा जरबेनं समजावते. आज मात्र पूर्ण तपासणी होऊ दिली आणि मग म्हणाली, "आजोबा, तीनदा मी काहीच वाजवलं नव्हतं. तुम्ही तिन्ही वेळा बोट वर केलंत."

"नव्हतं वाजवलं?" ते ओशाळले. "बराच वेळ झाला होता हो. तुम्ही तिकडे बटणं दाबताय, दाबताय, आणि मी आपला ढिम्म. बरं दिसेना. म्हटलं, पोरीला वाटायचं यंत्र बिघडलं."

"घरी हेच चालतं," आजी म्हणाल्या. "मी बोलत असते, हे हो-हो करतात."

"मग काय, नाही-नाही करू?"

आजी हसल्या. तीही हसली. आणि हसता हसता तिच्या आत काहीतरी खाली बसलं, विहिरीत बादली टेकावी तसं – कारण मुलीचा सकाळचा निरोप तिला आठवला. *आई, मुंग्यांचं ऐकलंस का? मस्त आहे ना?* आणि खाली तिनं स्वतः लिहून ठेवलेलं, अजून न पाठवलेलं उत्तर: *हो गं, मस्त.*

मुलगी मागच्या सुट्टीत आली होती तेव्हाची गोष्ट. लांब असते ती, वर्षातून एकदा येते आणि आल्या आल्या आईच्या आयुष्याची झाडझूड करते. "आई, तू दिवसभर काय करतेस गं? काम सोडून?"

"घरचं असतं की."

"घरचं नाही. तुझं. तुला स्वतःला काय आवडतं?"

तिनं भाजी चिरता चिरता म्हटलं होतं, "तुम्हाला आवडेल ते." मुलीनं आईचा मोबाइल घेतला, पॉडकास्ट ऐकायचं ॲप घातलं आणि तिच्या हातात दिला. "इथं जगातल्या कुठल्याही विषयावर लोक बोलतात. फक्त सुरुवातीला सांगावं लागतं."

ती पलंगाच्या कडेला बसली होती. पडद्यावर रंगीत गोल होते, गोलांत लहान लहान चित्रं, आणि वर लिहिलेलं, *तुमच्या आवडी निवडा. किमान तीन.* खालचं बटण राखाडी. तीन झाल्याशिवाय ते पुढे जाऊ देणार नव्हतं. तिनं इतिहासावर बोट ठेवलं – नवऱ्याला लढाया आवडतात, रात्रीच्या जेवणाला रोज एक लढाई असते. मग धावण्यावर – मुलगी धावते. आता एकच हवी. एकच. मला काय आवडतं? मला... ती इतका वेळ बघत राहिली की पडदा विझला, आणि काळ्या काचेत एक हनुवटी दिसली, तिच्या आईची, जशीच्या तशी, खालच्या सुरकुतीसकट. तिनं पडदा घाईनं जागा केला आणि समोर होता तो गोल दाबून टाकला. स्वयंपाक. स्वयंपाकाचा तिला आयुष्यभर तिटकारा होता.

पण काहीतरी होतं. नव्हतं असं नाही. ती नऊ-दहा वर्षांची असताना मागच्या ओट्यावर पोट टेकून तासन्तास पडायची आणि मुंग्यांची वाट वहीत उतरवायची – ठिपक्यांची रेघ, दगडाला वळसा, फटीत नाहीशी. रांगेवरून ओलं बोट फिरवलं की मुंग्या त्या जागी येऊन थबकतात, भांबावतात, हा शोध तिनं एकटीनं लावला होता. दादा तिला मुंग्यांची मास्तरीण म्हणायचा. आई म्हणायची, ऊठ, फ्रॉक बघ काय केलास तो. ओट्याचा तो गारवा पोटाला... तो अजून आठवतो, वहीचा वास आठवतो, शाईच्या ठिपक्यात चुकून चिरडलेली एक मुंगी आठवते. सगळं आठवतं. मग ती वही कोणी फाडली? कोणीच नाही. कोणी हिसकावून घेतली असती तर बरं झालं असतं, निदान भांडायला माणूस तरी असतं. तिनंच कोऱ्या पानांवर मुलीच्या लसींच्या तारखा लिहिल्या, मग धुण्याचे कपडे, मग एकेक पान निरोपाच्या चिठ्ठ्यांना गेलं.

हे सगळं एकदा बोलून गेली असावी, कारण मुलीनं शोधून शोधून मुंग्यांवरचा पॉडकास्ट पाठवला. गेल्या रविवारी घरात कोणी नसताना तिनं तो लावला, खुर्ची खिडकीशी ओढून, अगदी बेत करून. दोन तरुण आवाज, मधेमधे संगीत, मुंग्यांवर काम करणाऱ्या एक बाई – आणि सतराव्या मिनिटाला त्या बाई म्हणाल्या, वासाच्या रेघेवरून बोट फिरवून बघा, मुंग्या तिथंच थांबतील. तिचा शोध. तिचा! आता उसळेल, तिला वाटलं, आता आतून काहीतरी उसळून वर येईल. ती श्वास धरून थांबली, जशी काचेबाहेर थांबते. काहीच आलं नाही. समोरच्या गच्चीवर कोणाची तरी चादर वाळत होती. दूध तापत ठेवलंय का, एवढा एक विचार आला. म्हणजे ती मुलगी, ओट्यावरची, तिला हाक मारली आणि तिनं ओ दिली नाही. रागावून नाही, लपून नाही... ती तिथं नव्हतीच. रविवारपासून हे एवढंच तिच्या मनात होतं, भांडी घासताना, जिना चढताना: आत कोणी नाहीच, आणि आपण किती वर्षं दार वाजवतोय.

दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेले. तिनं डबा उघडला, दोन घास खाल्ले, मिटला आणि मोबाइल घेऊन खोलीकडे निघाली.

"ताई, चाललात खोक्यात?" बाहेरच्या टेबलावरची पोरगी म्हणाली. बारीक चिवचिवाट करते म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. "मला तर त्यात स्वतःच्या पोटातलं ऐकू येतं. मागे एकदा दचकले मी, म्हटलं कोण बोललं!"

"काय म्हणालं पोट?"

"अजून दोन पोळ्या, म्हणालं."

दार लागलं आणि चिमणी कापल्यासारखी बंद झाली.

कुलूपवाले तिला चुकून सापडले होते, अंगठा घसरून. कुलपांच्या कारखान्यात चाळीस वर्षं तपासनीस होते म्हणे. घरात बसून बोलतात. ऐकणारी माणसं अडतीस, तसं खाली लिहिलेलंच असतं. "ऐकणारे जे कोणी असाल ते," अशी सुरुवात, आणि मग खटके, चावीचे दात, कुलपात तेल घालू नका, पेन्सिलीची पूड घाला. कुलपांशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण पहिल्याच भागात, अकराव्या मिनिटाला, त्यांच्या मागे सपाता वाजल्या. दुसऱ्या कोणाला ऐकू आल्या नसत्या. डावा पाय जरा ओढत, सात पावलं, मग बशीत कप टेकल्याचा आवाज, आणि बोलता बोलता कुलूपवाल्यांचं एक "हं". आभार नाहीत, काही नाही, नुसतं हं. पुन्हा सात पावलं. दुसऱ्या भागातही अकराव्या मिनिटाला. तिसऱ्यातही. एकोणीस भाग तिनं ऐकले आणि एकोणीस कप. कोण असेल ती? डावा गुडघा दुखत असेल. घड्याळ बघून चहा टाकत असेल, की आतून ऐकत असेल, आता खटक्यांचं संपलं, आता दातांचं येईल, ठेवू आधण? कधी हसत असेल का त्यांना? कधी म्हणत असेल का, अहो, अडतीस माणसांसाठी एवढा घसा कशाला?

मग तीन आठवडे भाग आला नाही. विसावा आला त्यात सपाता नव्हत्या. एकविसाव्यात नव्हत्या. कुलूपवाले काही बोलले नाहीत. आवाज तोच, विषय पितळेचा. फक्त शेवटाकडे घसा कोरडा पडत गेला.

आणि हा बाविसावा.

मोबाइलवर ते उत्तर तसंच पडून होतं. *हो गं, मस्त.* तिनं ते पुसलं. मग लिहिलं, *ऐकलं. मन लागलं नाही. मुंग्यांतसुद्धा नाही.* आणि पाठवलं. बाजूला बारीक घड्याळाची खूण आली – आत रेंज नाही, दार उघडलं की जाईल. मुलगी वाचेल. घाबरेल. बोट खाली ठेवलेली आई तिनं कधी बघितली नाहीये.

तिनं हेडफोन घातला, स्वतःचा, लहानसा, आणि खुर्चीत बसली, नकळत काचेकडे खांदा करून. हात गुडघ्यावर. "ऐकणारे जे कोणी असाल ते," कुलूपवाले म्हणाले. मग जुन्या पेटाऱ्यांच्या कड्या, मग बिजागऱ्या. आठवं मिनिट. नववं. तिला कळेना, आपण हे का करतोय. एकोणीस वर्षं बारीक आवाज ऐकायची सवय लागलेला कान आहे, दुसरं काय, यात आवड कसली, हा तर नुसता धंद्याचा रोग... आणि तरी ती मिनिटं मोजत होती. दहावं. कोणाचाही असो, तो कप वाजू दे. एवढंच मागते. मी कधी काही मागितलंय का?

अकराव्या मिनिटाला कुलूपवाले बोलायचे थांबले.

वाक्य अर्धं होतं. बिजागरीची खीळ जर... आणि पुढे काही नाही. तिनं श्वास धरला. लांब कुठेतरी पंखा फिरत होता, त्यांच्या खोलीतला. त्याखाली त्यांचा श्वास. आणि त्याही खाली, सगळ्यात खाली, जिथं माणसांना काही ऐकू येत नाही आणि ती बोट वर करतात – तिथं काही आहे का? पाऊल? की तिच्याच कानातलं रक्त? कुलूपवालेही थांबलेत, तिच्या लक्षात आलं. तेही दाराकडे कान लावून थांबलेत, त्या अर्ध्या वाक्यात, आणि ती इथं, आणि दोघं एकाच कपाची वाट बघतायत. चार सेकंद. पाच. छातीत इतकं दुखलं की तिनं दुसरा हात तिथं नेला. हे दुखणं ओळखीचं नव्हतं. रविवारी असतं तर बरं झालं असतं, खिडकीशी, मुंग्यांसाठी. पण रविवारी नव्हतं, आत्ता होतं.

घसा खाकरल्याचा आवाज. "...जर झिजली असेल," कुलूपवाले म्हणाले, आणि पुढे बोलत राहिले.

काचेवर टकटक झाली असावी. आत काही ऐकू येत नव्हतं; चिमणीचे ओठ हलताना दिसत होते, पेशंट आलाय, ताई, आणि मागे कोणाचा तरी शर्ट. तिनं तळहात दाखवला. थांब. दार उघडलं की निरोप जाईल. दार उघडावं लागणारच होतं.

एकदा ऐकू आलं नाही म्हणजे नाहीच, असं धरायचं नसतं. तोच आवाज पुन्हा देऊन बघायचा असतो, हे तिनंच किती जणींना शिकवलं होतं. तिनं भाग मागे नेला, दहाव्या मिनिटाच्या शेवटाशी, आणि डोळे मिटले. गुडघ्यावरचं बोट आखडलं होतं. ते तिनं मोकळं केलं आणि तिथंच राहू दिलं.