रथसप्तमीची हातोडी

मित्रांनो, उमेळ्याच्या राममंदिरात खुंटीखाली खोळ घालून ठेवलेला जुना मृदंग तो मीच. चाळीस वर्षं कीर्तनांना साथ केली. रामनवमीला बायका आधी मला कुंकू लावत. अलीकडे मात्र, "हा बिघडला की मोबाइलवरचा ठेका लावू," असं विश्वस्त बोलू लागले होते.

परवाच्या रथसप्तमीला ती वेळ आलीच होती. माणसं येऊन बसली, पण माझा स्वर पेटीला मिळेना. मला वाजवणाऱ्या गंगारामकाकांना वाटलं, समुद्राच्या खाऱ्या हवेने असं होतंय. त्यांनी चामड्याच्या वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकले. स्वर चढला आणि लगेच उतरला. मला कारण ठाऊक होतं; सांगणार कोणत्या तोंडाने? श्रावणातल्या भजनानंतर डाव्या तोंडाच्या पुडीवर आवाज घुमावा म्हणून थापलेली कणीक खरवडायची राहिली होती. तिच्या वासाने उंदीर आले आणि गठ्ठ्यामागची वादी कुरतडून गेले. वादी एकच, तीच सगळीकडे ओवलेली. तुटली की दोन्ही पुड्या सुटणार.

शेजारी कीर्तनकार दिनानाथबुवांची नात अक्षया बसली होती. ती सूर्याचा अभ्यास करते. कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, उत्तररंगात, तीच बोलणार होती. ती आजोबांना सांगत होती की सूर्याच्या पोटात नाद कोंडलेला असतो आणि त्याने त्याचा पृष्ठभाग हलतो. तो कानाला ऐकू येत नाही, यंत्रांनी मोजतात. साधारण अकरा वर्षांच्या चक्रात चुंबकी खळबळ वाढली, डाग वाढले, की तो स्वर किंचित चढतो. शांत झाली की उतरतो. वरून दोन चक्रं सारखी दिसली तरी आत काय वेगळं घडतंय, ते स्वरावरून कळू शकतं.

"सूर्याची नाडी बघतेस, पोरी," काका हातोडी उगारत म्हणाले, "मग ह्याला काय झालंय तेवढं सांग की."

तिने माझ्यावर थाप मारली. कान टेकला. पुन्हा थाप मारली.

"काका, थांबा. चढलेला स्वर टिकत नाहीये. वरून सगळं ठीक दिसतंय ना? मग आत बघा."

हातोडी हवेतच राहिली. काकांनी गठ्ठा सरकवला. वादी सुताएवढी उरली होती. त्यांचा चेहरा उतरला. "कणीक," एवढंच ते पुटपुटले.

नवी वादी ओवेपर्यंत बुवांनी नुसत्या टाळांवर नामजप चालवला. मग मी वाजलो, मित्रांनो. कीर्तन संपल्यावर तिळाचा लाडू हातात न घेता काका आधी कणीक खरवडायला बसले.

सूर्याचा स्वर ऐकायला माणसं वर्षानुवर्षं बसतात. तुमच्या घरातही कोपऱ्यात एखादं वाद्य असेल. त्याला जरा कान द्या. हातोडी नंतर उचला.