फेरमोजणी

स्लाइड ४१. फांद्या पसरलेल्या पेशी : ३१.

“काकू, याच स्लाइडवर माझ्या बाराच आल्या,” अपूर्वा म्हणाली.

“चष्मा लावून मोजल्यास ना?” सत्यशीलाने मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता विचारलं.

“मी लावला होता. तुम्ही कुठला लावलात ते सांगा.”

सव्वीस वर्षं सत्यशीला या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूचे काप रंगवते, पेशी मोजते. मायक्रोग्लिया. मेंदूचे राखणदार. एरवी बारीक फांद्या पसरून आजूबाजूला चाचपत बसतात. विषाणू शिरला की फांद्या आत ओढून गोल होतात, त्याच्यावर तुटून पडतात. विषाणू जातो. काही राखणदार मात्र तसेच गोल राहतात आणि चांगल्या पेशींमधले जोडही कुरतडतात.

स्लाइडवर फक्त नंबर. आजारी उंदराची कुठली, बऱ्या झालेल्याची कुठली, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मन मध्ये येऊ नये म्हणून.

आलं होतं.

गेल्या गणपतीनंतर तिच्या नवऱ्याला, इंद्रजीतला, मेंदूज्वर झाला. विषाणू पंधरा दिवसांत गेला. इंद्रजीत कर्वेनगरच्या घरी परत आला; आपली बायको कोण, हे मात्र त्याला कळेना.

“हिला इथे टोक फुटलंय बघ. उघडतेय ती.”

“तो रंगाचा डाग आहे, काकू.” अपूर्वाने स्टूल जवळ ओढलं. “काकांसाठी मोजताय ना?”

सत्यशीलाने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले. मग म्हणाली, “उघडतात का गं पुन्हा?”

“काही उघडतात. काही नाही. म्हणून तर मोजतोय.”

स्लाइड ४१. ३१ (खोडले). १३.

“तेरा? एक जास्तच.”

“ती आहे. बघून घे.”

अपूर्वाने बराच वेळ पाहिलं. “आहे,” ती म्हणाली.

संध्याकाळ. घर. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली होती : रोज विचारायचं, ओळखलं की नाही ते लिहायचं. दोन महिने सत्यशीला ‘ओळखलं’ लिहीत आली. तो हसला, ओळखलं. तिच्या हातचा चहा प्यायला, ओळखलं. औषध कमी करायचं का, ते उद्या डॉक्टर याच वहीवरून ठरवणार होते.

“अहो, मी कोण?”

इंद्रजीतने तिच्याकडे नीट पाहिलं. “माफ करा हं. आपण रोज असता इथे, एवढं माहितीये.”

ती मागची पानं उलटत गेली. एकेक ‘ओळखलं’ खोडलं. त्याच्या जागी कुठे ‘हसले’ लिहिलं, कुठे ‘चहा घेतला’. आजच्या तारखेपुढे : ‘नाही’.

“फार काम दिसतंय तुम्हाला,” तो म्हणाला. उठला आणि टेबलफॅन तिच्याकडे वळवला. वहीची पानं फडफडायला लागली.

मग तिचं लिहून होईपर्यंत तो पानाच्या कोपऱ्यावर तळहात ठेवून उभा राहिला.