विहीणबाईंसाठी एक वाक्य

साठीला टेकलेल्या माणसानं नवी भाषा शिकू नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. पण लिहायला हवं होतं, असं लिफ्टकाकांना पहिल्याच तासाला वाटलं. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून लोक त्यांना लिफ्टकाका म्हणत, आणि आता हे चिनी! आवाज वर न्या, खाली आणा, मधेच थांबवा. अहो, जीभ आहे की लिफ्ट?

पण पोटच्या पोरीसाठी माणूस काय करत नाही? लेक चीनमधल्या मुलाशी लग्न करून तिकडे गेली, सासूसासऱ्यांच्या घरीच राहायला लागली. विहीणबाई फोनवर दिसायच्या, हात हलवायच्या. काकाही हलवायचे. नातं सगळं हातवाऱ्यांवर चाललेलं. लेकीला आई नव्हती. म्हणून काकांना विहीणबाईंना स्वतःच्या तोंडानं एवढंच सांगायचं होतं: पोरीला कितीही दुखलं-खुपलं तरी ती बोलत नाही, जरा लक्ष असू द्या. हे लेकीकरवी थोडंच सांगता येतं!

शिकवणाऱ्या बाई लेकीच्याच वयाच्या. तिकडे काही वर्षं राहून आलेल्या, ड्रायक्लीनरच्या वरच्या खोलीत शिकवणी घ्यायच्या. त्यांनी 'हो', 'नाही', 'जेवलात का' असलं सगळं घोटून घेतलं. मग काकांनी आपलं वाक्य काढलं.

"काका, हे नका बोलू," बाई म्हणाल्या. "त्यांना वाटेल, तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही."

"मग काय बोलू?"

"म्हणा, माझी मुलगी अजाण आहे, तिला काही येत नाही, सांभाळून घ्या."

"काही येत नाही? दातांची डॉक्टर आहे ती!"

"जुन्या वळणाच्या घरांतली रीत आहे काका. आपण आपल्या मुलीला नावं ठेवायची. मग त्या म्हणतात, छे छे, किती गुणी आहे!"

"म्हणजे मी खोटं बोलायचं, त्यांनी ते खोडायचं, आणि दोघांनी खूश व्हायचं?"

"अगदी बरोबर."

"आमचे सासरेही असंच काहीतरी म्हणाले होते. मी खरंच धरून बसलो!"

बाई हसल्या. काकांच्या डोक्याचा मात्र भुगा झाला होता. तरी त्यांनी वाक्य पाठ केलं.

रविवारी फोन लागला. लेकीच्या शेजारी विहीणबाई बसल्या होत्या. काकांनी देवाचं नाव घेतलं आणि वाक्य एका दमात म्हणून टाकलं. लेकीनं चमकून पाहिलं. काका 'छे छे'ची वाट बघत कान टवकारून बसले.

विहीणबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "हो."

हा शब्द काकांना चांगला येत होता. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं.

"काय म्हणाल्या गं?"

"काही नाही बाबा. तुमचं चिनी छान आहे म्हणाल्या."

"तू बरी आहेस ना?"

"मजेत," ती पटकन म्हणाली.

आता हे तर मराठी होतं, तरी काकांना कळेना. अडकलेल्या लिफ्टच्या दाराबाहेर उभं राहून ते जन्मभर आतल्या माणसांशी बोलत आले होते. बोंबा मारणाऱ्यांची त्यांना कधी धास्ती वाटली नाही. 'मी ठीक आहे' असं हळूच म्हणणाऱ्यासाठी मात्र ते जिने धावत चढायचे. 

दुसऱ्या दिवशी ते बाईंकडे गेले तेव्हा बाईही गोंधळल्या. "तुम्ही परके, म्हणून त्यांना वाटलं असेल, तुम्ही मनापासूनच बोलताय. किंवा त्यांना खरंच तसं वाटत असेल. मी इथून कसं सांगू, काका?"

"नकाच सांगू. मला रस्ता विचारायला शिकवा."

"जाताय? कळवलंत त्यांना?"

"कळवलं की सगळे मजेत असतात." काकांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि दारात उभं राहून 'मी माझ्या मुलीला भेटायला आलोय' असं कसं म्हणायचं, ते आधी सांगा. त्यात काही रीत आडवी येते का?"

"नाही, काका."

बाईंनी वाक्य सांगितलं. काका ते मोठ्यानं म्हणू लागले.