राळ्याची वाट

पोशाला पुरल्यावर त्याच्या आईनं, कोंडीनं, थडग्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत राळ्याचे बारीक दाणे पेरले. मारून टाकलेला माणूस घरी यायला निघतो, वाटेत दाणे दिसले की एकेक मोजत बसतो, मोजता मोजता उजाडतं आणि त्याला मागं फिरावं लागतं, हा वाडीचा जुना हिशेब. जाऊ सोनुबाई राळ्यानं भरलेलं सूप घेऊन आली तेव्हा कोंडीनं एवढंच म्हणायचं होतं, की आमी येशूची माणसं, आमच्यात हे नाय. बारा वर्षं पत्र्याच्या प्रार्थनाघरात पहिल्या रांगेत बसणाऱ्या बाईला ते जड नव्हतं. पण तिनं सूप हातात घेतलं. मेलेले उठणार यावर तिचा पक्का विश्वास होता. फक्त त्यांनी उठून आपल्या पडवीत येऊ नये, एवढंच.

पोशा साजगावला एका कारखान्याच्या गेटवर मेला. टेंपो कुणी भरायचा यावरून हमालांच्या दोन टोळ्यांची मारामारी झाली, आणि लोखंडी पाइप खालच्या गावातल्या निलेशच्या हातात होता. निलेश तुरुंगात गेला. पोशा शेवटी पाणी मागत होता, असं बघणारे सांगत. बघणारे पुष्कळ होते, पाणी देणारा एकही निघाला नाही.

आठव्या दिवशी राळे उगवले. एप्रिलचं ऊन, पावसाचा थेंब नाही, आणि थडग्यापासून एक हिरवी रेघ निघाली. सोनुबाई रोज सकाळी तलाठ्यासारखी पाहणी करून यायची. आज चिंचेपत्तूर. आज करवंदीच्या जाळीपत्तूर. शनिवारी तिनं चहाचा घोट घेत, पाहुण्याची वर्दी द्यावी तसं सांगितलं, "कुडाला टेकला गं. मोजून झालं त्याचं."

कोंडीनं दाराला आतून मुसळ लावलं.

ईस्टरच्या पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन थडग्यांपाशी जमते. पाळक म्हणतात, प्रभू उठला आहे. सगळे म्हणतात, खरोखर उठला आहे. यंदा पहिलं उत्तर कोंडीनं द्यावं, असं पाळकांनी सांगून ठेवलं होतं. ते तोंडातून निघायचं तर आधी ही रेघ उपटायला हवी, असं ठरवून ती मंडळीच्या आधी उठली आणि मुसळ काढलं.

रेघ उंबऱ्याला लागली होती.

ती वाकली. कोंब ओले होते. माती ओली होती. आणि खाली थडग्यापाशी कुणीतरी पाणी ओतत होतं.

पाय मागं ओढत होते, तरी ती उतरली. चिंच ओलांडली. थडग्यावर एक पांढरं डोकं वाकलेलं. निलेशची आई, गौराबाई. हातात गळका हंडा.

"लेक तान्हेला गेला तुझा," गौराबाई वर न बघता म्हणाली. "माझ्यानं ऱ्हावलं नाय. रोज येते. हाकललंस तरी येईन."

कोंडीच्या तोंडाशी बरंच आलं होतं. पण हंड्याच्या बुडातून थेंब पडत होते. वाटेवर पाणी कुठून आलं ते आता कळलं. कोंडीला एकाएकी इतकं हलकं वाटलं की ती तिथंच मातीत बसली.

"म्हंजे माज्या दारापत्तूर तूच येत व्हतीस."

"तुज्या दारात?" गौराबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "कुठल्या तोंडानं येऊ? आमच्या गावाची वाट चिंचेपाशी लागती. तिच्या वर मी पाऊल टाकलं नाय, कोंडी."

चिंचेच्या वर, घरापर्यंत, रेघ हिरवीगार होती.

खालून मेणबत्त्या येऊ लागल्या. गौराबाई हंडा उचलून निघाली, तर कोंडीनं तिच्या पदराचं टोक धरून ठेवलं. पाळकांनी पदराकडं पाहिलं. प्रभू उठला आहे, ते म्हणाले. सगळे कोंडीकडं बघत राहिले. सोनुबाईही मागं, जरा लांब, येऊन उभी होती.

कोंडी वर बघत होती. घराचं दार ती उघडंच टाकून आली होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"खरंच उठलाय," ती म्हणाली. "चला गं. घरी कुणीच नाय, आन् त्याला पाणी द्यायचं हाय."