पत्रात न आलेलं रेडकू

हिरव्या फितीची गाठ सैल झाली होती, आणि तिच्याखाली वरच्याच पाकिटावर दिसणारं अक्षर — किंचित डावीकडे झुकलेलं, भित्रं — आपलंच आहे हे प्रभुलिंगअण्णांना कळायला थोडा वेळ लागला. सहा वर्षांची पत्रं. ती मांडीवर घेऊन एल्सबाई बसल्या होत्या, हॉलंडहून इतक्या लांब कोल्हापूरला, बालगृहाच्या व्हरांड्यात, प्लास्टिकच्या खुर्चीवर… आणि समोर सतरंजीवर दानेश्वरी, जिच्या नावानं ती पत्रं गेली होती. तिच्या शिक्षणाचा खर्च एल्सबाई करायच्या, आज पहिल्यांदाच तिला भेटत होत्या. पत्रात घालायचं ते दानेश्वरी मराठीत सांगायची, आणि अण्णा — कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, घरी वाट बघणारं कुणी नसलेले — इंग्रजीत लिहायचे. लिहायचे म्हणजे…

‘मी बरी हाय. चंद्री दोन वेळचं मिळून नऊ लिटर दूध देती. तुमी बऱ्या हायसा न्हवं?’ पोरीचं सांगणं एवढंच. बालगृहाला पेठ वडगावच्या कुणीतरी दिलेली म्हैस, तिची वैरण, तिचं शेण… हे परदेशी पाठवायचं? त्यांना लाज वाटली होती. कुणाची, ते आजही सांगता आलं नसतं. म्हणून पहिल्याच पत्रात त्यांनी म्हैस गाळली आणि एक वाक्य घातलं: दुपारी मी जिन्यावर बसून वाचते, पानावरचं ऊन सरकून जाईपर्यंत. तो जिना अण्णांच्या चंदगडच्या घरातला होता, साठ वर्षांपूर्वीचा, ऊनही तिथलंच, आणि वाचणारा — मीच की तो. उत्तर इतकं आनंदाचं आलं, की पुढच्या पत्रात जिन्याला आणखी दोन पायऱ्या फुटल्या. उत्तरं दानेश्वरीला वाचून दाखवताना पुस्तकांचं तेवढं ते गाळायचे.

एल्सबाईंनी नेमकं ते पहिलंच पत्र काढलं. सावकाश इंग्रजीत विचारलं, “सध्या ती काय वाचते?”

“काय म्हणत्यात, अज्जा?”

एक नाव सांगितलं की झालं. कुठल्याही पुस्तकाचं. दोघींपैकी कुणालाच कळलं नसतं — आणि पोरीचं पुढचं सगळं शिक्षण या बाईंच्या हातात होतं… नाव जिभेवर आलंसुद्धा.

“सध्या काय वाचतेस, विचारतात.”

“वाचतंय कोण! शाळंचंच वाचून जीव जातोय.” दानेश्वरी हसली, आणि मग अण्णांकडे सरकली. “अज्जा, त्यास्नी एक इचारा की. रेडकू मेलं तवा मी पत्रात सांगितलंतं. त्यांनी त्याचं कायबी लिवलं न्हाय. लई वाट बघितली मी.”

श्रावणातलं ते पत्र. सांगताना ती खाली बघत होती, बाहीनं नाक पुसत होती… आणि मी? मी त्या जागी नव्या पुस्तकाच्या वासावर चार ओळी लिहिल्या. चांगल्या जमल्या म्हणून घरी येऊन पुन्हा वाचल्या.

“त्यांना ठाऊकच नाही, दानू. मी लिहिलं नव्हतं.”

“का?”

अण्णांनी खिशातून रुमाल काढला. “वाटलं, म्हशीचं काय लिहायचं…”

“मग काय लिवलासा?”

“पुस्तकांचं.”

“माझ्या नावावर?” ती इतक्या मोठ्यानं हसली की आतून आक्का, बालगृहाच्या अधीक्षिका, डोकावून गेल्या. “भले शाब्बास, अज्जा! आता सांगा त्यास्नी. समदं सांगा. गाळायचं न्हाय कायबी.”

त्यांनी सांगितलं. आधी स्वतःचं — पुस्तकं माझी, जिना माझा, तिचं यात काही नाही — तुटक, चुकत, हातातल्या रुमालाकडे बघत. एल्सबाईंचा हात पत्रांवर तसाच राहिला. मग दानेश्वरी बोलू लागली आणि ते एकेक वाक्य पलीकडे पोचवू लागले. रेडकू चौथ्या दिवशी गेलं. चंद्री दूध चोरायला, आत ओढून धरायला लागली. आक्का म्हणाल्या, रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं उभं करू, वास घेईल, पान्हा सोडंल. समदीच करत्यात तसं.

“मी न्हाय म्हटलं. पेंढ्याचं पोर दावून तिला फसवायचं न्हाय. आठ दिस तिच्या गळ्याखाली खाजवत बसलो. मग सोडला की तिनं पान्हा.”

पेंढा. शब्द साधा, इंग्रजीतही साधाच. तरी अण्णा तिथं अडले. दोघी थांबून राहिल्या, कुणी घाई केली नाही. शेवटी त्यांनी ते वाक्य सांगितलं — होतं तेवढंच, होतं तसंच.

एल्सबाईंनी पत्रं पुन्हा फितीत बांधली. मग दानेश्वरीकडे बघून म्हणाल्या, “रेडकाचं नाव काय होतं?”

“ठेवायच्या आधीच गेलं.”

“पत्रांबद्दल आपण दोघं बोलू,” त्या अण्णांना म्हणाल्या. “आत्ता नको.” आवाजात राग होता की नुसता दमलेपणा, कळेना. त्या उठल्या आणि पोरीमागून गोठ्याकडे गेल्या.

अण्णा एकटेच राहिले. काय बोलतील? पत्रं लिहायला दुसरं कुणी बघतील… बघावंही. पोरीवर राग काढणार नाहीत — नाव विचारलं त्यांनी, मेलेल्या रेडकाचं नाव. भीती गेली नव्हती, छातीत होती तिथंच होती. पण तिच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, ऊबदार, आपल्या लायकीचं नसलेलं. गाळायचं न्हाय कायबी… इतक्या वर्षांत इतकं साधं काम कुणी सांगितलं नव्हतं मला. विश्वासानं, आणि तेही सगळं कळल्यावर.

“अज्जाऽ! या की लवकर! हितं ह्यास्नी कोण सांगणार?”

आलो. गुडघ्यावर हात टेकून ते उठले. ती काय बोलेल, त्या काय विचारतील — एकही वाक्य तयार नव्हतं. ती सांगेल ते सांगेन… तेवढंच. तेवढं अजून माझ्याकडं ठेवलंय तिनं, हेच किती.