मुक्कामाची गाडी आणि बुटके खांब

आकडे खोटं बोलत नाहीत, असं आपण सारेच मोठ्या तोऱ्यात म्हणतो. प्रसेनजीतही म्हणायचा. दोन हजार दोन साली तो कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका कचेरीत लोकसंख्येचे आलेख काढायचा. त्या दिवशी टेबलावर त्याच्याच गावाचा, भुदरगडातल्या जांभुळटेकाचा आलेख होता. गावात रात्री मुक्कामाला जाणारी एसटी चालू ठेवायची की नाही, हे त्याच्या अहवालावर ठरणार होतं.

आलेखात दर दहा वर्षांच्या वाढीचे खांब होते. कोल्हापूर शहराचे उंच, गावाचे मात्र एकापेक्षा एक बुटके. प्रसेनजीतनं लिहून टाकलं, 'गावातील माणसे कमी होत आहेत. गाडी बंद करावी.'

लिहिलं खरं, पण जीव कळवळला. लहानपणी अंधार पडला की घाटातून दोन दिवे वळत वळत यायचे आणि अर्धं गाव चावडीपाशी जमायचं. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण घराघरांतून पाळीनं जायचं. बौद्धवाड्याची पाळी आली की त्याची आई मीनाबाई दुपारपासून चुलीपाशी असायची. झुणका, गरम भाकरी आणि वर खर्डा! पहाटे त्याच गाडीनं दुधाचे कॅन आणि हायस्कूलची पोरं गारगोटीला जायची. प्रसेनजीत तसाच शिकला. आता मात्र तो दिवाळीला मोटारसायकलवरून जायचा आणि दुपारीच परतायचा. गाडीत कोण चढतं, कोण उतरतं, हे बघायला तो होता कुठं?

तेवढ्यात आण्णा आले. हायस्कूलात त्याला भूगोल शिकवलेले हे मास्तर कोल्हापुरात आले की त्याच्याकडे चहाला टेकायचेच. त्यांनी अहवाल वाचला आणि कपबशी बाजूला ठेवली.

"काय रं, गाडीवर काट मारलीस व्हय?"

"मी न्हाई, आण्णा. ह्यो आलेखच सांगतोय. गाव आटत चाललंय."

"हे खांब कशाचं? माणसांचं, का वाढीचं?"

"वाढीचं."

"मग मला सांग, ऊस पावसाळ्यात हातभर वाढतोय, थंडीत बोटभर. म्हणून थंडीत ऊस आखूड झाला म्हणतोस व्हय?"

प्रसेनजीतनं आलेख पुन्हा जवळ ओढला.

"वाढ मंदावलीया, माणसं आटली न्हाईत! आन शहराचा खांब कुणाच्या जिवावर चढला? तुझ्यासारखी गावचीच पोरं हितं आली की! ज्या गाडीनं आलास, तीच मागच्यांची तोडतोस?"

अरेरे! प्रसेनजीतनं घाईघाईनं जनगणनेचे मूळ आकडे काढले. दर खेपेला गावात माणसं आधीपेक्षा जास्तच होती. थोडी, पण जास्तच! त्यानं अहवाल टरकावला आणि आलेख माणसांच्या आकड्यांसह नव्यानं काढला. गाडी राहिली.

त्या शनिवारी तो मुद्दाम त्याच गाडीनं गावाकडे निघाला. बसायला जागा मिळाली नाही. कॉलेजची पोरं, बाजार करून परतणाऱ्या बायका, रिकामे कॅन यांच्यात तो घाटभर उभा होता. चावडीपाशी मीनाबाई डबा घेऊन थांबल्या होत्या.

"आरं, तू? ह्या गाडीनं? बरं झालं, आज आपलीच पाळी हाय. कंडक्टरसंगं तूबी जेव की!"

मित्रहो, आलेख जरूर वाचावा. पण तो कशाचा आहे, हे आधी विचारावं. वाढ मंदावली म्हणजे गाव ओस पडलं असं नव्हे. आणि शहरात बसून गावाचा निकाल लावण्याआधी एकदा त्या गावाच्या गाडीत उभं राहून बघावं. नाहीतर मीनाबाई डबा घेऊन चावडीपाशी थांबल्या असत्या आणि घाटात दिवे दिसलेच नसते.